गुलाबी झाकणाची बरणी

"हात पुढे कर," मामा म्हणाले.

मी दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले. मामांनी डाळिंबी रेशमाचा धागा डाव्या हाताच्या चिमटीतून सोडला, उजव्या हाताने त्याचं टोक धरलं आणि तो माझ्या तळव्यावरून हळूच ओढत नेला. अर्ध्या वाटेत धागा अडकला. त्यांनी जरा जोर दिला तसा तो तुटला आणि त्याची बारीक लव माझ्या बोटाच्या पेराला चिकटून राहिली.

"लागतो," मामा म्हणाले आणि पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. परीक्षा संपली. मी नापास.

मामा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक साळी. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. येवल्यात आमच्या गल्लीत मामांच्या हाताचा मोठा दबदबा होता. त्यांनी पैठणीच्या पदरावर विणलेला मोर उलट्या बाजूने पाहिला तरी सुलट्याइतकाच देखणा दिसायचा. शेजारच्या बायका चेष्टेने म्हणायच्या, त्र्यंबकनानांचा हात म्हणजे तान्ह्या पोराचा गाल. आमच्या घरात मागावर बसायचा नियम एकच होता. ज्याच्या हातावरून रेशीम न अडकता जाईल त्याने बसावं. बाकीच्यांनी कांड्यांवर रेशीम गुंडाळावं आणि गप्प राहावं.

माझा हात लागणारच होता. आमच्या माहेरचा माग आजोबांच्या काळातच गेला. वडील लासलगावला कांद्याच्या खळ्यावर मुकादम होते आणि शाळा सुटल्यापासून लग्नापर्यंत मी तिथे कांदे निवडले. मातीने आणि टरफलांनी माझे हात असे झाले होते की तोंड धुताना माझ्याच गालाला ते टोचायचे. पण घरात आजोबांच्या मागाची एक जुनी फणी होती आणि लहानपणापासून तिच्याकडे बघत मी ठरवलं होतं की आपण कधीतरी मागावर बसायचं. खरं सांगायचं तर हे स्थळ आलं तेव्हा मी नवऱ्यापेक्षा माग बघून हो म्हटलं. आमच्या ह्यांना ते अजून माहीत नाही आणि आता सांगून काही उपयोगही नाही.

मी घरात आले तेव्हा आत्याबाईंना जाऊन काही महिनेच झाले होते. घरात मामा, हे, माझी कॉलेजात जाणारी नणंद मालू आणि मी. ह्यांना मागाचा मनापासून कंटाळा होता. गावात तेव्हा टेलिफोन बूथची हवा सुटली होती आणि ह्यांना पुढच्या खोलीत बूथ टाकायचं होतं. पुढची खोली म्हणजे मागाची खोली. ह्यांचंही चुकत नव्हतं. मामांचं वय झालं होतं, त्यांच्यामागे बसणारं कोणी नव्हतं.

"नाना, ही साडी उतरली की माग सोडवू," ह्यांनी दिवाळीत विषय काढला.

"आणि रंजना?" मामा म्हणाले. "तिला बसायचं आहे."

हे माझ्याकडे बघून हसले. "तिचा हात? तिच्या हाताने भांडी घासायला काथ्या लागत नाही."

"ते मी बघतो," मामा म्हणाले. "साडी उतरेपर्यंत तिचा हात बसला तर माग राहील. नाही बसला तर तू तुझा फोन लाव."

मागावरची साडी नाशिकच्या कोणाच्या तरी लग्नाची होती. अंग विणून झालं होतं, पदर राहिला होता. पदर म्हणजे सगळ्यात किचकट काम, एकेका मोराला कितीतरी तिल्ल्या, म्हणजे रंगीत रेशमाच्या इवल्याशा गुंडाळ्या, बोटांनी फिरवायच्या. पदर विणून होईपर्यंत माझी मुदत होती. पुढचं सगळं माझ्या कातडीवर अवलंबून होतं.

मालूला हे कळल्यावर तिला अगदी ऊत आला. ती बायकांचं एक मासिक घ्यायची. त्यात 'आपली त्वचा ओळखा' असं एक पान होतं. सकाळी उठल्याबरोबर चेहऱ्यावर पातळ कागद दाबायचा. कागदाला तेल लागलं तर त्वचा तेलकट, नाही लागलं तर कोरडी, कुठे लागलं कुठे नाही तर संमिश्र. तिने माझ्या तळव्यावर कागद दाबला. तो फाटला.

"कोरडी," मालूने निकाल दिला.

"हे कागदाशिवाय कळलं नसतं," मी म्हटलं.

आम्ही दोघी पन्नालालशेठच्या कटलरीच्या दुकानात गेलो. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, आणि मागच्या फळीवर क्रीम-पावडरच्या डब्या. शेठ गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "काय पाहिजे भाभी? तोंडाला का टाचेला?"

"हाताला."

"हाताचं वेगळं येत नाही. तोंडाचं हाताला चालतं, टाचेचं तोंडाला चालत नाही. एवढं लक्षात ठेवायचं, बाकी सगळं सारखंच."

मालूला हे पटलं नाही. तिने मासिक उघडून एकेक डबी उलटी करून मागचं वाचायला सुरुवात केली. शेठ जांभया देत होते. आज माझ्या सुनेच्या आरशापुढे बाटल्यांची रांग असते, कशात कसलं आम्ल, कशात कोरफड, एक आंघोळीनंतर, एक झोपताना. ती घेताना फोनवर तासभर वाचत बसते. तिला वाटतं मी हसेन म्हणून ती फोन लपवते. मी कशाला हसू? आम्ही तेच केलं होतं, फक्त उभ्याने.

आधी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी आणलं. हात मऊ झाले, पण इतके चिकट की कांडी भरताना रेशीम बोटांनाच गुंडाळलं जायचं. मग कोल्ड क्रीम. सकाळी लावलं की घरभर गुलाबाचा वास, आणि दुपारपर्यंत हात पुन्हा होते तसे. मग दुधाची साय लावून पाहिली. शेजारच्यांचं मांजर दोन्ही पायांत घुटमळत दिवसभर माझ्या मागे फिरलं. शेवटी मालूने काचेच्या बरणीतली घट्ट, पिवळसर जेली आणली. ती चोपडून मी मामांनी सरावाला दिलेल्या लडीला हात लावला आणि लडीवर तेलकट डाग उमटला. रेशमावर पडलेलं तेल जात नाही.

मामांनी लड बोटांनी उचलून उजेडात धरली. "ही आता बुजगावण्याला नेसव," ते म्हणाले आणि लड माझ्या मांडीवर ठेवली. रागावले नाहीत. त्यांचं तसं होतं, आवाज कधी चढायचा नाही, पण त्यानंतर आपल्याला जेवण जायचं नाही.

दिवाळी सरल्यावर येवल्यात कोरडी थंडी सुटते. ओठ फुटतात, टाचा उलतात, अंगावर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते. त्या थंडीत माझे हात सुधारले म्हणजे कमालच म्हणायची. सुधारले ते मालूमुळे. तिने मासिकातून शोधून काढलं की काय लावायचं यापेक्षा कधी लावायचं हे मोठं. कोरड्या हातावर क्रीम लावून काही होत नाही. हात ओले असतानाच लावलं की पाणी आत कोंडलं जातं. भांड्यांची राख बंद झाली, धुण्याचा सोडा बंद झाला, आंघोळीला कढत पाणी बंद झालं. संध्याकाळची भांडी झाली की हात नुसते टिपायचे आणि लगेच कोल्ड क्रीम चोळायचं. सकाळी कोमट पाण्याने धुऊन टाकायचं. दिवसा कामाच्या वेळी हाताला काही नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा माझीच बोटं मला ओळखू येईनात.

मी मामांपुढे उभी राहिले. हात पुढे केले. धागा तळव्यावरून अगदी मजेत निघाला आणि शेवटी अडकला.

"लागतो," मामा म्हणाले.

मी तळवा निरखून पाहिला. लव कुठेच नव्हती. मनात आलं, मामांना अडकल्याचं कळलं पण मला कळलं नाही, म्हणजे त्यांची पारख किती बारीक. मी मालूला तसं सांगितलंसुद्धा. मालू म्हणाली, "नाना कडक आहेत. आईलाही कधी मागावर बसू दिलं नाही त्यांनी."

एक गोष्ट मात्र रोज माझ्या नजरेस पडत होती आणि मी तिचा अर्थ लावत नव्हते. सकाळी मी मागाची खोली झाडायची. मी आले तेव्हा मागाखाली चिमूटभर तुटके धागे निघायचे. आता मूठभर निघू लागले होते. डाळिंबी, हिरवे, मोतिया, सगळ्यांचा एक गुंता. मामांची नजर कमी झाली असेल असं मला वाटायचं. पदर पुढे सरकत होता, पण हळू. जेवताना मामा लिंबाची फोड ताटात तशीच ठेवू लागले होते आणि ते दोन्ही हात सदोदित शालीखाली ठेवायचे. थंडी आहे म्हणून, असं मी समजले.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी हे जेवायला घरी आले होते. पदरातला शेवटचा मोर अर्धा झाला होता. हे दाराशी उभे राहून म्हणाले, "नाना, रंजनाचं काय झालं? मला सुताराला सांगून ठेवायला लागेल."

"आत्ता बघू," मामा म्हणाले. "ये गं, हात पुढे कर."

मी गेले. हे दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. मामांनी चिमटीत धागा धरला आणि ओढला. या वेळी मी तळव्याकडे न बघता धाग्याकडे बघत राहिले. माझ्या तळव्यावरून तो पाण्यासारखा जात होता. आणि एकदम थांबला. पण माझ्या हातावर थांबला नव्हता. तो मामांच्या डाव्या अंगठ्यापाशी थांबला होता.

अंगठ्याच्या कडेला एक उभी भेग होती, आतून लाल दिसणारी. तिच्यात डाळिंबी लव अडकली होती. तर्जनीवर तशीच एक. सगळी बोटं उललेली, पेरांवर पांढरी खवलं. ज्यांच्या हाताला गल्ली तान्ह्याचा गाल म्हणायची ते हे हात. मी वर पाहिलं. मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी अंगठा हळूच मुठीत घेतला.

"काय?" हे दारातून म्हणाले. "लागतो का नाही?"

मामांनी मूठ आणखी आवळली. ते खोटं बोलतील असं मला वाटलं नाही, आणि खरं बोलतील असंही वाटलं नाही. ह्यांना कळलं असतं की मामांच्याच हाताला रेशीम लागतं, तर त्यांनी त्या संध्याकाळीच मामांना मागावरून उठवलं असतं. अर्धा मोर तसाच राहिला असता आणि तो पुरा करायला कोणा दुसऱ्याला बोलावलं असतं. मामा ते बघत बसले असते.

"लागतो," मी म्हटलं. "अजून लागतो माझा हात."

"मग ठरलं," हे म्हणाले. "साडी उतरली की सुतार."

हे हात धुवायला मागे गेले. मला रडू आलं होतं, पण मी रडले नाही. मामा मागाकडे तोंड करून बसले. त्यांनी न वळता विचारलं, "का म्हणालीस तसं?"

"लागलाच ना धागा," मी म्हटलं. "कुठे लागला ते ह्यांनी विचारलं नाही."

मामांनी एक तिल्ली उचलली, पुन्हा ठेवली. "तुझी सासू होती तोवर असं कधी झालं नाही. संध्याकाळी दिवा लावला की माझे हात ओढून घ्यायची आणि काहीतरी चोळायची. काय होतं ते कधी विचारलं नाही."

"बरणी कसली होती?"

"गुलाबी झाकणाची," मामा म्हणाले.

मालू कॉलेजातून आल्याबरोबर मी तिला न्हाणीघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. ती पाटावर बसली. मग म्हणाली, "वहिनी, नाना रोज सकाळी बेसनाने हात धुतात. मी लहानपणापासून बघते. मला वाटायचं रेशमासाठी. पण हाताला काही लावलेलंच नसेल तर बेसन कशाला?"

मला एकदम उलगडा झाला. आत्याबाई संध्याकाळी काहीतरी तेलकट लावत असणार आणि सकाळी ते काढायला बेसन. त्या गेल्या. मलम गेलं, बेसन राहिलं. वर्षभर मामा रोज सकाळी उरलंसुरलं तेलही हातावरून धुऊन काढत होते.

गुलाबी झाकणाची बरणी देवघराच्या वरच्या फळीवर सापडली. पन्नालालशेठच्या दुकानातल्या कोल्ड क्रीमचीच होती. तळाशी पिवळट थर सुकून बसला होता. आम्ही ती घेऊन थेट शेठकडे गेलो. शेठने झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं.

"बरणी माझी," ते म्हणाले, "माल माझा नाही."

"मग कुणाचा?"

शेठने आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना ते पाहिलं. "तुमची सासू माझ्याकडून रिकाम्या बरण्या मागून न्यायची. म्हणायची, झाकण गुलाबीच द्या. आणि तशीच त्या समोरच्या दुकानात शिरायची."

समोरचं दुकान जनावरांच्या औषधांचं होतं.

मालू आणि मी एकमेकींकडे बघत रस्ता ओलांडला. तिथल्या माणसाने बरणी हुंगायचीही तसदी घेतली नाही. त्याने मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून पुढे ठेवला. दुभत्या म्हशीच्या सडांना थंडीत भेगा पडतात, त्यावर लावायचं मलम. डब्यावर म्हशीचं चित्र होतं, अगदी हसऱ्या तोंडाचं.

"तुमच्याकडे अजून म्हैस आहे?" त्याने विचारलं.

"आहे," मालू म्हणाली आणि दुकानाबाहेर येऊन इतकी हसली की तिला गटाराच्या कडेला बसावं लागलं. मग ती तशीच बसून रडली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली असेल. मी तिच्या शेजारी बसले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

आत्याबाईंच्या वेळी घरात एक म्हैस होती, सोनी नावाची. त्या गेल्यावर ह्यांनी ती विकली. तिच्या सडांना मलम लावता लावता आत्याबाईंच्या लक्षात आलं असणार की आपले हात किती मऊ राहतात. पण रेशमाला लावायच्या हातांना म्हशीचं मलम, असं मामांना सांगायची त्यांची छाती झाली नसेल. मामांचा स्वभाव मला एव्हाना कळला होता. मी असते तर मीही गुलाबी झाकणच मागितलं असतं.

आम्ही डबा माळ्यावर सरपणात लपवला आणि मलम बरणीत भरलं. आता लावायचं कोणी हा प्रश्न होता. सुनेने सासऱ्याचा हात धरायचा, अशी आमच्या घरात पद्धत नव्हती. मी मामांशी बोलतानाही पदर सावरून बोलत असे. मालूने हात धरावा असं ठरलं. दिवा लावून झाल्यावर मामा ओट्यावर बसले होते. मालू कोमट पाण्याचं तांब्या-पातेलं घेऊन गेली, त्यांचे हात शालीतून बाहेर काढले, पाण्यात बुडवले, नुसते टिपले आणि ओल्या हातांवर मलम चोळू लागली. मी दाराआड उभी होते.

मामांनी बरणीकडे पाहिलं. मग वास घेतल्यासारखी मान जरा पुढे केली. "कुठे मिळाली?"

"वहिनीने शोधली," मालू म्हणाली.

मामा डोळे मिटून बसले. मालूने एक हात झाल्यावर दुसरा घेतला. तेवढ्यात हे बाहेरून आले, त्यांनी ते पाहिलं, आणि काय चाललंय असं न विचारता चपला काढून आत निघून गेले. आत्याबाईंच्या काळात घरात शिरताना ह्यांनी रोज हेच पाहिलं असणार.

रोज संध्याकाळी हे चालू राहिलं. सकाळी मी खोली झाडताना मागाखालचा गुंता मोजत नव्हते, पण तो मुठीत मावायला लागला, मग चिमटीत. जेवताना मामांनी लिंबाची फोड पिळली. पदरातला मोर पुरा झाला, वरची वेल झाली, कड झाली. ह्यांच्या काही ध्यानात आलं नाही. ते सुताराच्या मागे होते.

साडी उतरायची त्या दिवशी सुतार आपली हत्यारांची पिशवी घेऊन सकाळीच ओट्यावर येऊन बसला होता. मामांनी साडी मागावरून सोडवली, घडी घातली, पाटावर ठेवली. आम्ही सगळे उभे होतो. हे सुताराला हाक मारणार तोच मामा म्हणाले, "थांब जरा." आणि त्यांनी उरलेल्या रेशमाची तिल्ली उचलून माझ्या हातात दिली.

"तू धर," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "ओढ."

मी चिमटीत धागा धरला आणि त्यांच्या तळव्यावरून, पेरांवरून, त्या अंगठ्याच्या कडेवरून ओढत नेला. भेगेच्या जागी बारीकशी रेघ राहिली होती. धागा कुठेही थांबला नाही. माझ्या चिमटीतून निघून त्यांच्या बोटांवरून पार गेला.

"दोन हात होते," मामा ह्यांना म्हणाले. "एक धरणारा आणि एक खालचा. दोन्हींना धागा लागला नाही. बघितलंस?"

"म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे सुताराला चहा दे आणि पाठव."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, पाटावरच्या साडीकडे पाहिलं. मग त्यांनी खरोखरच सुताराला चहा दिला. टेलिफोन बूथ पुढे ओट्याच्या एका कोपऱ्यात झालं आणि बरं चाललं. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि बूथ गेलं. त्याच्या काचेच्या कपाटात आता मी तिल्ल्या ठेवते. माग होता तिथेच आहे.

त्या दिवशी मामा म्हणाले, "बस." मी खड्ड्यात पाय सोडले. थंडगार होता तो खड्डा. आडवा धागा नेणारा धोटा मी पहिल्यांदा असा फेकला की तो उभ्या धाग्यांच्या ताण्यातून बाहेर पडून मालूच्या पायाशी गेला. मामांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

मामांच्या शेजारी बसून मी काठ शिकले, बुट्टी शिकले, शेवटी मोर शिकले. माझा पहिला मोर बदकासारखा झाला होता. मामा म्हणाले, हाही पक्षीच आहे. त्या वर्षांत मला जेवढं सुख होतं तेवढं पुन्हा नाही मिळालं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे मालूचं लग्न ठरलं. वराकडच्यांना तिने स्वतः बघून पसंत केलं, क्रीमच्या डबीसारखं मागचं सगळं वाचून. ती सासरी संगमनेरला गेली त्या दिवशी घर एकदम रिकामं वाटत होतं. दिवेलागण झाली. मी देवापाशी दिवा लावला आणि बाहेर आले, तर मामा हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. शेजारी ती बरणी होती. त्यांनी ती स्वतःच फळीवरून काढून आणली होती.

मी दारात थबकले. मामांनी माझ्याकडे न बघता एक हात पुढे केला. टिपलेला, ओलाच हात.

मी पदर सावरला, त्यांच्यापुढे बसले आणि बरणी उघडली. मी मलम चोळू लागले. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "मामा, ह्या बरणीत काय असतं ते तुम्हाला कधी कळलं का?"

"त्यात काय कळायचं?" मामा म्हणाले. "म्हशीचं मलम आहे. सोनीच्या पहिल्या वेताला डबा मीच आणून दिला होता. वास विसरेन का?"

माझे हात थांबले.

"आत्याबाईंना कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तिने डबाच माझ्या पुढ्यात ठेवला असता. म्हणाली असती, लावा तुमचं तुम्ही."

गल्लीत पोरांचा खेळ संपत आला होता. मी विचारलं, "आणि त्या गेल्यावर? मलमाचं दुकान तर तुम्हाला ठाऊक होतं."

"दुकान होतं," मामा म्हणाले.

मी त्यांचा हात पुसून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दुसरा पुढे केला.

"हा राहिला," ते म्हणाले.